जिन्याखालचा चार्जर

चार्जर गाडीबरोबर फुकट आला होता आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं. विकत घ्यावा लागला असता तर "परवडत नाही" एवढ्यावर विषय मिटला असता. पण कंपनीने तो भेट म्हणून दिला, वर घरी येऊन बसवून द्यायचंही कबूल केलं, आणि सर्व्हेअरसाहेबांच्या हातातलं सगळ्यात सोपं आणि सभ्य कारण काढून घेतलं.

सर्व्हेअरसाहेब विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायचे. कुणाचं गोदाम जळालं, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, कुणाची गाडी "आपोआप" झाडावर चढली, की हे जाऊन बघायचे, फोटो काढायचे, साधेसुधे प्रश्न विचारायचे आणि अहवालाच्या शेवटी शेरा मारायचे. माणूस खोटं बोलायला लागला की तपशील वाढत जातात, असं त्यांचं मत होतं. खऱ्या माणसाला धड काही आठवत नसतं आणि खोट्याला सगळं लख्ख आठवतं. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी नोकरी काढली होती आणि ऑफिसातल्या प्रत्येक नव्या माणसाला ती ऐकवली होती.

घर दुमजली होतं, ओळीतल्या घरांपैकी एक. पुढच्या खोलीत बायकोचं फिजिओथेरपीचं क्लिनिक. तिथे दिवसभर आखडलेले खांदे आणि धरलेल्या कमरा यायच्या, आणि दाराआडून "आई गं, मेलो" असे आवाज येत राहायचे. मागच्या खोलीत साहेबांचे वडील. बाबा वर्तमानपत्र वाचायचे नाहीत, ते ऐकवायचे. जो समोरून जाईल त्याला धरून आधी मथळा, मग बातमी, मग त्यावर स्वतःचं मत, मग "तुला काय वाटतं?" आणि काय वाटतं ते सांगायला तोंड उघडलं की पुढची बातमी. या दोन खोल्यांच्या मधोमध जेवणाचं टेबल होतं. ऑफिसातून आल्यावर साहेब तिथे बसायचे. एका कानात कण्हणं, दुसऱ्या कानात देशाची परिस्थिती.

चार्जरचं खोकं आलं ते जिन्याखाली ठेवलं गेलं. पहिले काही दिवस त्याचा मान राखला गेला. मग त्यावर छत्र्या आल्या, रद्दी आली, पेशंट विसरून गेलेले कमरेचे पट्टे आले. बाबा बूट चढवायला त्याच्यावर बसायला लागले. बायको जाता-येता त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "अहो, हा बसवून का घेत नाही? दर दोन-तीन दिवसांनी त्या चार्जिंगच्या जागी जाऊन ताटकळता. घरच्या घरी तार लावली की झालं."

"बघू," साहेब म्हणायचे.

बघू म्हणून किती दिवस निघणार? एका सकाळी ती चार्जर बसवणाऱ्यांचा नंबरच हातात घेऊन बसली तेव्हा साहेब उठले, पोर्चमध्ये गेले आणि भिंतीवर बोटांनी टकटक करून कान लावून ऐकू लागले, जसं काही आतून कुणी उत्तर देणार होतं.

"पोकळ वाजतेय," ते म्हणाले. "शिवाय ओल आहे."

"कुठे आहे ओल?"

"आतून आहे. ती दिसत नसते."

भिंतीचं बायकोने सोडून दिलं, पण मीटर एवढा भार झेलणार नाही असं त्यांनी म्हटल्यावर तिने तेही विचारून घेतलं. तिच्या पेशंटांमध्ये वीज खात्यातला एक इंजिनिअर होता, त्याचा उजवा खांदा जाम झाला होता. हात वर नेता नेता त्याने सांगितलं, की आरामात झेलेल, एक अर्ज द्या, बास. हे तिने जेवताना सांगितलं. साहेबांनी घास गिळला आणि मग त्यांनी ठेवणीतलं हत्यार बाहेर काढलं.

त्यांनी फोनवर फोटो उघडले. काळ्याठिक्कर पडलेल्या भिंती, वितळून खाली ओघळलेला पंखा, एका पलंगाच्या नुसत्या स्प्रिंगा.

"हे घर होतं," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "आणि ही बैठकीची खोली."

बाबांनी चष्मा लावला. "कशाने लागली?"

"इलेक्ट्रिकने."

"अरे देवा. आणि हे?"

"हे गोदाम. तेही तेच."

खरं तर ते घर विसरलेल्या इस्त्रीने पेटलं होतं. आणि गोदामाला तर मालकाने स्वतःच काडी लावली होती, तसा शेरा साहेबांनीच मारला होता आणि त्याबद्दल ऑफिसात त्यांची पाठ थोपटली गेली होती. पण जेवणाच्या टेबलावर अहवाल कोण मागतो? बायकोने विषय सोडला. साहेबांना वाटलं, जिंकलो.

बाबा मात्र रात्रभर जागे असावेत. सकाळी घरातला प्रत्येक प्लग उपटून जमिनीवर पडलेला होता. फ्रिजखाली पाण्याचं तळं साचलं होतं, दूध नासलं होतं, बायकोच्या फोनमध्ये जीव नव्हता आणि पेशंटांना शेकायची पिशवी थंडगार होती.

"बाबा, फ्रिज का बंद केला?"

"घर महत्त्वाचं की दूध?" बाबा म्हणाले. "तू झोपतोस निर्धास्त. मी फोटो बघितलेत."

त्या दिवसापासून रोज झोपायच्या आधी घरभर फिरून प्लग काढायचं काम बाबांनी अंगावर घेतलं, आणि त्यांच्या मागून फिरून ते परत लावायचं काम बायकोवर आलं.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं म्हणून.

चार्जिंगची जागा एका मोठ्या फर्निचरच्या दुकानामागे होती. लांबलचक रिकामं पार्किंग, मागच्या भिंतीला लागून चार मशीनं, बाजूला झाडांची रांग आणि कॉफीचं एक यंत्र, जे आपण काहीही मागितलं तरी त्याला वाटेल तेच द्यायचं. साहेब तिथे गाडी लावायचे, तार जोडायचे, सीट पार मागे पाडायचे, बूट काढायचे, मोजे काढायचे आणि डॉक्टरांनी बंद केलेले खारे शेंगदाणे कप्प्यातून काढून एकेक तोंडात टाकत झाडांकडे बघत पडून राहायचे. तिथे कुणी कण्हत नव्हतं, आणि तुम्हाला काय वाटतं असंही कुणी विचारत नव्हतं. फोन आला तर रेंज नसायची, म्हणजे साहेब ती बंद करून ठेवायचे.

त्यांच्यासारखे आणखीही होते. एक होता जनावरांचा डॉक्टर. दिवसभर कुत्र्यांचे चावे आणि कुत्र्यांच्या मालकांच्या कहाण्या सोसून तो तिथे यायचा. त्याच्या घरी चार्जर होता, पण तो "बिघडलाय" म्हणे, आणि वर्ष झालं तरी दुरुस्त होत नव्हता. दुसऱ्या होत्या एक नोटरीबाई. त्या रोज संध्याकाळी शेवटच्या जागेवर काचा वर करून डोळे मिटून बसायच्या. त्यांची गाडी पेट्रोलवर चालणारी होती. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. येताना मान हलवायची, जाताना मान हलवायची, मधे कुणी कुणाला काही विचारायचं नाही, हा तिथला अलिखित नियम. लिहायचा म्हटला असता तर कुणाला तरी बोलावं लागलं असतं.

गाडी तासाच्या आत भरून व्हायची. साहेब मात्र अंधार पडल्यावर घरी यायचे.

"एवढा वेळ?" बायको विचारायची.

"लाईन होती. पुढे एक जण होता, पांढऱ्या गाडीवाला, बरोबर त्याची बायको, दिवस भरत आलेले, तिचे पाय सुजलेले. म्हटलं, तू लाव आधी. तेवढ्यात मधलं मशीन बंद पडलं. मग कंपनीला फोन, त्यांचा माणूस, तोही नवीन, डाव्या हाताने लिहिणारा..."

खोटेपणा ओळखण्यात ज्यांनी केस पांढरे केले, ते स्वतः खोटं बोलताना अगदी नवशिक्यासारखे बोलायचे. बायको कुणाचा तरी खांदा दाबता दाबता दारातून ऐकायची आणि म्हणायची, "अगं बाई! उभंच राहावं लागतं का हो तिथे?"

"नाहीतर काय," साहेब म्हणायचे.

शेवटी बायकोने त्यांना न विचारता कंपनीला फोन लावला. चार्जर बसवणारी मुलगी पाठीला बॅग अडकवून दारात हजर झाली तेव्हा साहेब ऑफिसला निघायच्या तयारीत होते. त्यांनी तिथल्या तिथे रजा टाकली.

मुलीने पोर्च बघितला, मीटर बघितला, भिंतीला कसलंसं यंत्र लावलं. साहेब तिच्यामागे सावलीसारखे.

"भिंतीत ओल आहे," ते म्हणाले.

"नाहीये."

"पावसात इथे पाणी उडतं."

"उडू दे. बाहेरच बसवायचा असतो तो."

"अर्थिंगचं काय?"

"चांगलं आहे. मीच तपासलं ना आत्ता, तुमच्यासमोर."

बायको पेशंटकडे गेल्याचं बघून साहेब तिला फाटकापाशी घेऊन गेले. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, तुमचा अनुभव मोठा. पण एखाद्या घरी नाही बसत चार्जर, असं असतं ना? काही अडचण निघते. तांत्रिक."

मुलीने हातातलं यंत्र बॅगेत टाकलं. मग म्हणाली, "चार्जर नकोय, की घरी थांबायला नकोय?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही काही पहिले नाही. महिन्यातून एकदोन भेटतातच. मागे एका घरी तर नवराबायको दोघांनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन हेच सांगितलं."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची पाहणी झाली होती.

"काकूंना सांगते, एक भाग मागवावा लागेल," ती बॅग बंद करत म्हणाली. "पण कायमचं नाही हं. त्या तीन वेळा बोलल्यात माझ्याशी. काळजीने बोलतात हो त्या."

ते शेवटचं वाक्य साहेबांनी ऐकलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण भाग मिळेपर्यंत आपण मोकळे, या आनंदात ते वाहून गेलं.

पुढे झालं असं, की एका जळालेल्या दुकानाचा माळा बघायला साहेब शिडीवर चढले. शिडीही त्याच आगीतून वाचलेली होती, पण पूर्ण वाचलेली नव्हती. पायरी मोडली, साहेब खाली, आणि नुकसानीची पाहणी करायला गेलेला माणूस स्वतःच पायाला प्लास्टर लावून घरी परत आला.

आता ते दिवसभर जेवणाच्या टेबलाशी. पाय स्टुलावर, कुबड्या भिंतीला. पुढच्या खोलीतून "सोडा हो बाई, सोडा," आणि मागच्या खोलीतून, "ऐक रे, पुलाला पुन्हा तडे गेलेत!" एरवी बाबांना वाटेत माणूस पकडावा लागायचा. आता माणूस जागेवरच बांधून ठेवलेला होता. बाबांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

गाडीची बॅटरी उतरत आली तेव्हा बायको म्हणाली, "मी जाऊन येते चार्जिंगला. दोन पेशंट त्यांच्या घरी जाऊन बघावे लागतात, गाडी हवी."

साहेब दचकले. "तू? कशाला? टॅक्सीने जा ना पेशंटकडे. ती जागा काही चांगली नाही. बसायची सोय नाही. लोक उद्धट आहेत. एक डॉक्टर येतो, त्याच्या अंगाला कुत्र्यांचा वास येतो."

"तुम्ही एवढे दिवस सोसलंत," ती म्हणाली, "मी एक दिवस सोसेन." आणि लाईनीत उभं राहावं लागणार म्हणून तिने पायात जाड तळव्याचे बूट घातले, पाण्याची बाटली घेतली, उन्हाची टोपी घेतली, आणि लढाईवर निघाल्यासारखी गेली.

साहेबांनी ती दुपार कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. बाबांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. मधेच एक पेशंट चुकून आला. बाई घरी नाहीत म्हटल्यावर परत जाण्याऐवजी समोर बसून त्याने गुडघ्याची पूर्ण कथा सांगितली, अगदी तरुणपणापासून. बाबांनी त्यात भर घातली. साहेब घड्याळाकडे बघत राहिले. चारही मशीनं मोकळी दिसतील, बायको तार जोडेल, गाडी भरेल, तासाभरात ही दारात उभी राहील आणि विचारेल, "कुठे होती हो तुमची लाईन?" याचं उत्तर ते जुळवत होते. पांढरी गाडी, सुजलेले पाय, सगळं पुन्हा घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

ती आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"एवढा वेळ?" साहेबांनी विचारलं.

"लाईन होती," ती म्हणाली आणि आत गेली.

बास. एवढंच. ना पांढरी गाडी, ना गरोदर बाई, ना डाव्या हाताने लिहिणारा माणूस. साहेब बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं स्वच्छ, एवढं नेटकं खोटं त्यांनी ऐकलं नव्हतं. तिचे केस मागून चपटे झाले होते, सीटला डोकं टेकून पडल्यावर होतात तसे. अंगाला कॉफीचा वास होता. आणि खांद्यावर शेंगदाण्याचं एक लालसर साल चिकटलं होतं. म्हणजे कप्प्यातल्या साठ्यावरही हात पडला होता.

तिला उलटतपासणी करून उघडं पाडायला त्यांना दोन प्रश्न पुरले असते. पण "तिथे कधीच लाईन नसते" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघणार कसं? ते एवढंच म्हणाले, "हो का. असते खरी."

त्यानंतर गाडीला काय झालं कोण जाणे, ती उभ्या उभ्या उतरायला लागली. एक दिवसाआड बायकोला चार्जिंगला जावं लागायचं. संध्याकाळचे पेशंट तिने सकाळी घेतले. जाताना टोपी नाही, बाटली नाही, जाड बूटही नाहीत, पायात साध्या सपाता. येताना एकच वाक्य. साहेब प्लास्टरच्या आत बोटं आवळून ऐकून घ्यायचे.

एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "मी काय म्हणतो, तो चार्जर बसवून टाकू या. तुझी किती दगदग होते."

बायकोने सावकाश वर बघितलं. "आणि भिंतीतली ओल?"

"त्या मुलीने तपासलीय ना. कोरडी ठणठणीत आहे."

"भाग यायचाय ना?"

"तो... येईल."

"आणि तुम्ही दाखवलेली ती घरं? छे हो, मला भीती वाटते. पटलं मला तुमचं. घरी चार्जर बसवण्यात काही अर्थ नाही."

"मुळीच नाही!" बाबा मधेच गरजले. "माझ्या देखत या घरात वीज वाढवायची नाही."

"बाबा, त्या गोदामाला त्याच्या मालकानेच आग लावली होती."

"आणि ते घर?"

"इस्त्री राहिली होती."

"त्या दिवशी इलेक्ट्रिक म्हणालास."

"इस्त्री इलेक्ट्रिकचीच असते, बाबा."

बाबांनी चष्मा खाली करून मुलाकडे पाहिलं. साहेब लोकांकडे बघायचे, अगदी त्याच नजरेने. आणि मग ते दोघंही, सासरा आणि सून, शांतपणे जेवायला लागले.

पुढच्या वेळी ती निघून गेल्यावर साहेबांना राहवेना. डॉक्टरला प्लास्टर दाखवून येतो असं सांगून त्यांनी टॅक्सी बोलावली आणि फर्निचरच्या दुकानापाशी उतरले. कुबड्या टेकत टेकत मागच्या पार्किंगमध्ये गेले. झाडं तिथेच होती. शेवटच्या जागेवर नोटरीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरने सवयीने मान हलवली, मग कुबड्या बघितल्या, मग साहेबांची गाडी बघितली, गाडीतली बाई बघितली, आणि नियमाला धरून तोंड दुसरीकडे फिरवलं.

बायको सीट मागे पाडून पडली होती. अनवाणी पाय वर टेकवलेले, दोन्ही हात सैल सोडलेले. दिवसभर लोकांच्या पाठी रगडणारे ते हात असे रिकामे पडलेले साहेबांनी कधी बघितलेच नव्हते. त्यांनी काचेवर टकटक केली. तिने डोळे उघडले, दचकली बिचकली काही नाही. पलीकडचं दार उघडलं. "बसा."

ते कसेबसे आत शिरले. स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखे बसले. कुबड्या त्यांनी मागच्या सीटवर टाकल्या.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. चारही मशीनं मोकळी होती. मी वेड्यासारखी लाईन शोधत दुकानाला दोन चकरा मारल्या. म्हटलं, आपलीच जागा चुकली असेल."

"मग घरी येऊन बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

साहेब प्लास्टर चाचपू लागले.

"मला वाटायचं, माणूस दमून येतो आणि वर तिथे उन्हातान्हात उभा राहतो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त झोंबत होतं. "त्या मुलीच्या किती विनवण्या केल्या मी. त्या इंजिनिअरचा खांदा दोन वेळा फुकट बघितला, तुमच्या मीटरचं विचारायला. बाबांच्या मागे फिरून रोज प्लग लावले. आणि तुम्ही इथे मोजे काढून शेंगदाणे खात होतात."

"घरात जरा कोंडल्यासारखं होतं गं."

"हो? मग मी कुठे असते? त्याच घरात ना? कण्हणारी माणसं तुम्हाला दाराआडून ऐकू येतात. माझ्या हाताखाली असतात ती. बाबांच्या बातम्या तुम्ही संध्याकाळच्या ऐकता, मी सकाळच्याही ऐकते. तुम्ही स्वतःसाठी एक जागा शोधलीत. मला एकदा तरी म्हणायचं, चल, तूही चल."

साहेबांकडे प्रत्येक दाव्यावर मारायला शेरा तयार असायचा. या दाव्यात त्यांना कुठे फट सापडेना. त्यांनी कप्पा उघडला. शेंगदाणे संपले होते.

"उद्याच बसवून घेऊ चार्जर," ते म्हणाले.

"इतक्यात नाही," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. "आधी माझी भरपाई पूर्ण होऊ दे."

प्लास्टर निघालं तरी भरपाई चालूच होती. पुढे दोघांत ठरलं, की एकदा तिने जायचं, एकदा त्यांनी. आश्चर्य म्हणजे हे छान चाललं. घरात चिडचिड कमी झाली. "लाईन होती" हे आता दोघंही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे. पण बाबा म्हातारे होते, आंधळे नव्हते. चार्जिंगला जायचं म्हटलं की ज्याची खेप तो लगबगीने निघतो, हे त्यांनी हेरलं. एका संध्याकाळी साहेब गाडीत जाऊन बसतात तो मागच्या सीटवर बाबा. बूट घातलेले, मांडीवर वर्तमानपत्र, बाजूला रेडिओ.

"तुम्ही कुठे बाबा?"

"लाईन असते म्हणता ना रोज? मग सोबत नको?"

लाईन नसते असं कोण म्हणणार? साहेबांनी गाडी काढली.

बाबा तिथे पोचले आणि पाहता पाहता जागेचा नूर पालटला. त्यांनी आधी जनावरांच्या डॉक्टरच्या काचेवर टकटक केली. पुलाच्या तड्यांबद्दल त्याला काय वाटतं ते विचारलं. घरचा चार्जर बिघडलाय म्हटल्यावर "वर्षभर? अरे माणसा, बायकोशी पटत नाही का?" असं सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. मग ते नोटरीबाईंकडे वळले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागून पुढून बघितलं आणि ओरडले, "अहो बाई, ही तर पेट्रोलची आहे! तुम्ही चुकीच्या जागी थांबलात!"

नोटरीबाईंनी गाडी सुरू केली, मागे घेतली आणि गेल्या. त्या पुन्हा तिथे दिसल्या नाहीत. साहेबांना त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं, एखाद्याचं घर मोडल्यासारखं.

डॉक्टरही पळून जाईल असं त्यांना वाटलं होतं. तो मात्र आधी ओशाळला, मग हसायला लागला, आणि त्याने बाबांना दार उघडून दिलं. माणसाच्या तोंडून कुत्र्याव्यतिरिक्त काही ऐकायला तो बिचारा आसुसलेला होता. पुढच्या खेपेला दोघं गाडीच्या बॉनेटवर पेपर पसरून भांडत होते. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी दोघं आले. रेडिओ चालू झाला. बायको बाबांना घेऊन तिच्या खेपेला गेली आणि अर्ध्या वाटेवरून आल्यासारखी लगेच परत आली. "तिथे आता खरंच लाईन असते," ती म्हणाली. "बाबांपुढे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः कंपनीला फोन केला. ती मुलगी आली. जिन्याखालच्या रद्दीतून, छत्र्यांतून, कमरेच्या पट्ट्यांतून खोकं ओढून काढलं.

"भाग मिळाला वाटतं," बायको म्हणाली.

"मिळाला की," मुलगी म्हणाली. चेहऱ्यावर सुरकुती नाही. भिंतीला चार भोकं पाडली, तारा जोडल्या, आणि जी गोष्ट इतके महिने होणार नव्हती ती दुपारच्या आत झाली.

खवळले ते बाबा. "मला विचारलंत? घरच्या घरी गाडी भरणार, मग मी तिथे जाणार कसा?"

"बाबा, तुम्हीच म्हणालात, वीज वाढवायची नाही. आता वाढवली आहे तर लक्ष नको ठेवायला?"

"ठेवा तुम्ही लक्ष. लागली आग तर बोलवा मला."

दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर हॉर्न वाजला. जनावरांचा डॉक्टर त्यांना न्यायला आला होता. बाबा रेडिओ काखेत मारून निघाले, मागे वळूनही बघितलं नाही, फक्त जेवायला थांबू नका म्हणून ओरडले. सीटवर कुत्र्याचे केस होते, ते त्यांनी झटकले आणि बसले.

घर शांत झालं. पुढच्या खोलीत पेशंट नव्हता, मागच्या खोलीत बाबा नव्हते. साहेब आणि बायको पोर्चमध्ये खुर्च्या टाकून बसले. भिंतीवर हिरवा दिवा चमकत होता. दोघांना बोलायला काही सुचत नव्हतं आणि त्याचं दोघांनाही बरं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारच्या घरात नव्याने राहायला आलेले गृहस्थ कुंपणाशी आले. त्यांनीही तशीच गाडी घ्यायचं ठरवलं होतं. त्यांनी चार्जरकडे बघितलं, तारेकडे बघितलं, भिंतीवर टकटक केली.

"खरं सांगा," ते म्हणाले, "घरी बसवण्यात फायदा आहे का हो?"

साहेबांनी घसा साफ केला. पण बायकोनेच आधी विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

गृहस्थ बोटांवर माणसं मोजायला लागले.